पोर्ट लुईसला जहाज नऊ तास थांबतं तेव्हा: मित्रांसोबत एक डोंगर, एक किनारा

मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदराला क्रूझ बहुतेक वेळा सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. वेळापत्रकात नऊ-दहा तास दिसतात, पण हाताशी उरतात सहा-सात. तेवढ्यात सहा-सात जणांच्या टोळीला डोंगरही चढायचा असतो आणि समुद्रातही डुंबायचं असतं. दोन्ही जमतं. त्यासाठी दिवसाचा हिशेब शेवटाकडून मांडायला हवा आणि कुठला डोंगर घ्यायचा हे आदल्या रात्री जहाजावरच ठरवायला हवं. बंदराबाहेर टॅक्सीवाल्यासमोर उभं राहून ठरवायला गेलात तर पहिला तास तिथेच जातो.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना इथला कातळ ओळखीचा वाटेल, आणि त्याला कारण आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, तिच्यातूनच पुढे मालदीव आणि मॉरिशस घडले. शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी त्याच जागेवर आजही जागा आहे. म्हणजे ल मॉर्नचा काळा बेसॉल्ट आणि हरिश्चंद्रगडाचा काळा बेसॉल्ट ही एकाच घरातली भावंडं. सवयही तीच: कोरडा असताना बुटाला घट्ट धरतो, ओला झाला की साबणासारखा सटकतो.

आधी घड्याळ

जहाजाच्या रोजच्या पत्रकात दोन वेळा छापलेल्या असतात: जहाज सुटण्याची आणि सगळ्यांनी जहाजावर परत असण्याची. आपल्या कामाची दुसरी. ती पहिलीच्या अर्धा ते एक तास आधीची असते. तिच्यातून आणखी दीड तास वजा करा आणि त्या वेळेला बंदराच्या फाटकावर असायचं असं धरा. एवढी सूट कशासाठी, असं वाटेल. मॉरिशसचे किनारी रस्ते अरुंद आहेत, एखादा अपघात झाला तर पर्यायी रस्ता मिळत नाही, आणि संध्याकाळी राजधानीभोवती गाड्या तुंबतात. शिवाय मंडळी पाण्यातून बाहेर यायला नेहमीच वीस मिनिटं जास्त घेतात.

मॉरिशसचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. दक्षिण आफ्रिका किंवा मादागास्करहून येणाऱ्या जहाजावर घड्याळ वाटेत पुढे करावं लागतं. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि हातातलं घड्याळ जुनीच वेळ धरून बसतं. उतरण्यापूर्वी सगळ्यांनी आपली घड्याळं जहाजाच्या वेळेशी जुळवून घ्यावीत. हा गोंधळ वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होतो.

जहाज धक्क्याला लागलं म्हणजे लगेच उतरता येतं असंही नाही. स्थानिक अधिकाऱ्यांनी मोकळीक दिल्यावरच जिना उघडतो. आठला लागलेल्या जहाजातून पावणेनऊला फाटकाबाहेर पडलात तर वेळेवर आहात असं समजा.

कोणता डोंगर?

पर्याय दोन. ल मॉर्न ब्राबाँ हा 556 मीटरचा प्रसिद्ध कडा बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, बंदरापासून 50 किलोमीटरच्या आसपास, गाडीने सव्वा तास. ल पूस, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘अंगठा’, 812 मीटरचा, थेट पोर्ट लुईसच्या डोक्यावर. त्याच्या पायथ्याला गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं.

फोटो ल मॉर्नचे जास्त फिरतात, म्हणून ओढा त्याच्याकडे असतो. पण परतायची वेळ संध्याकाळी पाचची असेल आणि शिखर गाठायचंच असेल, तर आमचा कौल ल पूसला. कारण साधं गणित आहे. ल मॉर्नच्या पायथ्याला दहाच्या आत पोचणं कठीण. वर उभ्या केलेल्या क्रुसापर्यंत जाऊन यायला चार तास धरावेत. खाली येईपर्यंत दोन वाजतात आणि समुद्र समोर दिसत असताना गाडीत बसावं लागतं. ल मॉर्नला जायचंच असेल तर निम्म्या वाटेवर थांबायचं हे मनाशी पक्कं करूनच जावं. जहाज रात्री मुक्कामी असेल तर मात्र बेलाशक वर जा.

बेत पहिला: ल पूस आणि माँ श्वाझी

पावणेनऊला बंदर सोडा, सव्वानऊच्या सुमाराला सेंट पिएर गावाच्या बाजूला उसाच्या शेतांशी उतरा. सकाळी गाड्यांची गर्दी राजधानीकडे येणारी असते, तुम्ही उलट दिशेला जाता. वाट उसातून सुरू होते. साधारण जून ते डिसेंबर हा तोडणीचा हंगाम, तेव्हा उसाच्या गाड्यांना वाट द्यावी आणि तोडलेल्या बुडख्यांवर पाय पडू देऊ नये. ते चपलेच्या तळव्यातून आत घुसतात.

ऊस संपला की झाडी लागते, त्यात जंगली पेरूची दाटी. चढ एकसारखा आहे. सिंहगड आतकरवाडीतून चढणाऱ्याला यात घाबरण्यासारखं काही नाही, चढाई त्याहून कमीच आहे. पाऊण तासात वाट एका उघड्या पदरावर, म्हणजे डोंगराच्या सपाट टप्प्यावर, येते आणि पलीकडे पोर्ट लुईस, बंदर आणि आपलंच जहाज खेळण्याएवढं दिसतं. इथे दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, मागचे सगळे येऊ द्या. याच भागात एक वाट पलीकडच्या अंगाने पोर्ट लुईसकडे उतरते. परतताना गप्पांच्या नादात तीच धरली जाते, आणि गाडी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला राहते. चढतानाच मागे वळून फाट्याचा फोटो काढून ठेवा. उतरताना वाट कशी दिसणार हे त्यात कळतं.

शेवटचा अंगठ्याचा भाग पंधरा-वीस मिनिटांचा कातळटप्पा आहे. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून काठी आणि फोन सॅकमध्ये जाऊ द्या. एका वेळी एकानेच चढावं आणि खालच्याने बरोबर त्याच्या पायाखाली उभं राहू नये. माथा लहान आहे, कठडा नाही, वारा जोराचा असतो. शेजारी पीटर बोथचं शिखर दिसतं, डोक्यावर गोल धोंडा ठेवल्यासारखं. चार्ल्स डार्विन 1836 मध्ये बेटावर आला होता तेव्हा याच ल पूसवर चढून गेला होता.

माथ्यावर जाऊन यायला अडीच ते तीन तास. सव्वाबारापर्यंत गाडीशी आलात की ड्रायव्हरला व्हर्दन-तेर रूज रस्त्याने उत्तरेकडे न्यायला सांगा. पोर्ट लुईस शहर टळतं. एकच्या सुमाराला माँ श्वाझीच्या किनाऱ्यावर. दीड-पावणेदोन तास पाणी, सावली, जेवण. पावणेतीनला निघालात की साडेतीनच्या आसपास बंदर.

बेत दुसरा: अर्धा ल मॉर्न आणि त्याचाच किनारा

इथे डोंगर आणि समुद्र अगदी शेजारी आहेत, हा मोठा फायदा. पायथ्याच्या फाटकावर नोंदवही असेल तर नावं लिहा. पहिला टप्पा रुंद मातीच्या वाटेचा, झाडांच्या सावलीतला. पुढे एक उघडी जागा येते, जिथून निळ्या-हिरव्या पाण्याचे पट्टे आणि बेनितिये बेट दिसतं. पाऊण ते एक तासात, पुढची चढाई स्वतःच्या जबाबदारीवर असल्याची पाटी लागते. आपली चढाई इथे संपते, इथून खाली किनाऱ्याकडे. इथून वर पाऊल टाकायचं नाही. कोणाचे पाय कितीही शिवशिवले तरी नाही.

जहाज मुक्कामी असेल आणि वर जायचंच असेल, तर पुढचा तास हातापायांनी चढायचा आहे. खोदीव पायऱ्या नाहीत. मुळं, कपारी आणि कातळातल्या हात-पाय रोवायच्या जागा यांच्या आधारानेच वर सरकायचं. काही ठिकाणी दोर लावलेला असतो. तोल सावरायला तो धरा, पण सगळं वजन त्यावर टाकू नका, तो किती जुना आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. उतरताना तोंड कातळाकडे, तीन टेकू कायम, चौथा हलवायचा. खोळंबा उतारावर होतो, कारण चढणारे आणि उतरणारे एकाच कपारीत समोरासमोर येतात. पावसाची एक सर येऊन गेली असली तरी हा टप्पा रद्द.

हा डोंगर 2008 पासून जागतिक वारसा आहे, पण केवळ देखण्या रूपामुळे नाही. मळ्यांमधून पळालेले गुलाम याच्या कपारींत लपून राहत. 1 फेब्रुवारी 1835 ला इथली गुलामी संपली. ती बातमी घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला पकडायला आलेत असं वाटून, माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या अशी आठवण इथले लोक सांगतात. म्हणून इथे स्पीकर लावू नका. ‘बूक्ल दोरेय’ नावाचं लाल घंटेसारखं फूल, मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, रानात फक्त याच डोंगरावर उगवतं. दिसलं तर पाहा, तोडू नका.

जहाजावरून काय न्यायचं, काय नाही

पाणी माणशी दोन लिटर, ल मॉर्नच्या माथ्यासाठी अडीच. दोन्ही वाटांवर पाणी भरायची सोय नाही असं धरूनच चला. ओआरएसचं माणशी एक पाकीट आणि खायला चिक्की किंवा खारे दाणे, बंद पाकिटातले. जहाजावरच्या बुफेतली केळी-सफरचंदं मात्र पिशवीत टाकू नका, ताजी फळं परवान्याशिवाय मॉरिशसमध्ये नेता येत नाहीत. ई-सिगरेटवर बंदी आहे, ड्रोनला परवानगी लागते. प्लास्टिकच्या पिशव्यांवरही बंदी असल्यामुळे कापडी पिशवी घ्या.

पोहण्याचे कपडे सकाळीच आत घालून निघा, किनाऱ्यावरचा अर्धा तास वाचतो. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, टोपी, पकड असलेले बूट, आणि पाण्यासाठी मागे पट्टा असलेले सँडल किंवा रबरी बूट. हे शेवटचं लोक टाळतात आणि तिथेच फसतात. त्याबद्दल पुढे. टोळीत मिळून एक प्रथमोपचाराची थैली: क्रेप बँडेज, जंतुनाशक, चिमटा, फोडांसाठी चिकटपट्टी, डासांचं मलम, शिटी, पॉवर बँक.

कागदपत्रं: जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, पासपोर्टची छायाप्रत आणि फोनमध्ये त्याचा फोटो. भारतीय पासपोर्टला मॉरिशसमध्ये आधी व्हिसा काढावा लागत नाही, मात्र त्याच फेरीत रियुनियन असेल तर ते फ्रान्सचं आहे, तिथले नियम वेगळे. रोजच्या पत्रकावर जहाजाच्या बंदरातल्या एजंटचा फोन असतो. त्याचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा, एकाच्याच नको. मदतीचे क्रमांक: रुग्णवाहिका 114, पोलीस 999, अग्निशमन 115.

गाडी

सहा-सात जणांना दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट एकच व्हॅन सगळ्यात सोयीची. दोन टॅक्सी केल्या की एक नेहमी हरवते. भाव आधी ठरवा आणि कागदावर लिहून घ्या: एकूण रक्कम, माणशी नव्हे; मॉरिशसचे रुपये की डॉलर; पायथ्याशी थांबण्याचा वेळ धरून; बंदरात परत सोडण्यासह. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. ‘रुपी’ हा शब्द ऐकून मनात भारतीय रुपये धरणं ही नेहमीची चूक. अर्धे पैसे परत बंदरात पोचल्यावर द्यावेत.

स्वतः गाडी चालवायची तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. तरी पाच-सहा तासांसाठी गाडी ताब्यात घेण्या-देण्यात जाणारा वेळ परवडत नाही. बस स्वस्त आणि छान, पण जहाजाच्या घड्याळावर चालत नाही. जहाजाच्या स्वतःच्या सहली महाग पडतात. त्यात एकच गोष्ट विकत मिळते, पण ती मोलाची: सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. टोळीत कोणी फार चिंता करणारं असेल तर तो पर्याय वाईट नाही.

गावांची नावं फ्रेंच आहेत, अक्षरं जोडून वाचली तर ड्रायव्हरला कळत नाहीत. नकाशावर बोट ठेवून दाखवा. हिंदी थोडीफार बऱ्याच जणांना समजते. कधी कधी ड्रायव्हरचं आडनाव ऐकून आपणच चमकतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर आलेल्या मराठी माणसांचे वंशज इथे आहेत, काही शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. जहाज नेमकं त्या दिवशी आलं तर दुपारी किनाऱ्यांवर विसर्जनाची गर्दी असणार, परतीला आणखी अर्धा तास धरा.

चढताना

पुढे वाट काढणारा एक लीड, शेवटी सगळ्यांना पुढे घालून येणारा एक बॅकलीड, आणि बॅकलीडच्या मागे कोणी नाही. वेग टोळीतल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा. त्याला लीडच्या लगेच मागे ठेवा. मागे राहिला की तो धापा टाकत येतो, बाकीचे त्याच क्षणी उठून चालू लागतात, आणि त्याला विश्रांतीच मिळत नाही.

मॉरिशस 20 अंश दक्षिणेला आहे. नोव्हेंबर आणि जानेवारीच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि क्रूझचा हंगामही याच महिन्यांचा. घाम येणं थांबलं, डोकं ठणकू लागलं, बोलणं अडखळलं, तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका. सावलीत बसवा, कपडे सैल करा, मानेवर-काखेत पाणी लावा, वारा घाला आणि 114 ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. हाच काळ चक्रीवादळांचाही आहे. वादळाचा किंवा मुसळधार पावसाचा इशारा असेल तर डोंगर विसरा.

एक दिलासा: विषारी सापांची भीती इथे नाही. डास मात्र आहेत.

किनाऱ्यावर

माँ श्वाझी आणि ल मॉर्न, दोन्हीकडे सुरूची झाडं आहेत, अलिबाग-दिवेआगरसारखी. सामान त्यांच्या सावलीत ठेवा आणि एकाने आळीपाळीने त्यापाशी बसा. डोंगरावरून तापून आल्या आल्या थेट पाण्यात उडी नको. दहा मिनिटं सावलीत, अर्धा लिटर पाणी, मग समुद्र.

प्रवाळाच्या भिंतीच्या आत पाणी तळ्यासारखं शांत असतं, आणि फसगत तिथेच होते. भिंतीला जिथे खिंडार असतं तिथून आतलं पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. खिंडाराकडे पोहत जायचं नाही. तरंगत्या बोयांनी आखलेल्या जागेतच राहायचं, कारण पलीकडे स्पीडबोटी धावतात. ल मॉर्नच्या टोकाला काइटसर्फिंगवाले, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर धावणारे, असतात. त्यांच्या दोऱ्या पाण्यावरून सुसाट जातात, म्हणून पोहायला पश्चिमेकडचा सुरूच्या रांगेसमोरचा भाग धरा.

आता त्या रबरी बुटांबद्दल. इथल्या उथळ पाण्यात, विशेषतः खडकाळ आणि शेवाळी तळाशी, स्टोनफिश असतो. तो हुबेहूब दगड दिसतो, हलत नाही, आणि पाठीवर विषारी काटे असतात. पाय पडला तर वेदना काही मिनिटांत असह्य होते. पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवा, साधारण 45 अंशांपर्यंत. आधी दुसऱ्याने आपला हात घालून पाहावा, कारण दुखावलेल्याला भाजतंय हे कळत नाही. किनाऱ्यावरच्या खाण्याच्या गाडीवर गरम पाणी मिळू शकतं. अर्धा ते दीड तास ठेवा, पण गाडीत रुग्णालयाच्या वाटेवरच. बर्फ नको, पट्टा आवळून बांधणं नको. काळ्या काटेरी सी-अर्चिनचे काटे त्यामानाने साधे: दिसणारे चिमट्याने काढा, खोल गेलेले उकरत बसू नका. या सगळ्यापासून जाड तळव्याचा बूट बराच वाचवतो, पण पूर्ण नाही, म्हणून वाळूवरच राहा आणि पाय सरपटवत चाला. प्रवाळावर उभं राहणं दोघांनाही वाईट: तुमचा पाय कापतो आणि प्रवाळ मरतं.

खायला गाडीवरची दाल पुरी घ्या. हरभऱ्याच्या डाळीसारख्या पिवळ्या डाळीचं सारण भरलेली, पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण म्हणावी अशी मऊ पातळ पोळी. जोडीने मिळते, मध्ये भाजी आणि चटणी. पहिल्या घासाला चटणी कमीच सांगा, मिरची खरोखर झणझणीत असते. सोबत ‘गातो पिमाँ’, म्हणजे डाळीचे छोटे वडे, आणि मीठ-मिरची लावलेला अननस. बिअर पोहणं संपल्यावर.

निघायच्या तीस मिनिटं आधी एकाने शिटी वाजवायची, पंधरा मिनिटं आधी सगळे पाण्याबाहेर, मग डोकी मोजायची. गाडीत बसल्यावर पुन्हा.

बंदरात परत

एवढं करून साडेतीनला पोचलात आणि तासभर हातात असेल, तर बंदराजवळच अप्रवासी घाट आहे. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून उतरलेल्या मजुरांपासून पुढे लाखो भारतीय इथे करारावर आले. दगडी पायऱ्या आजही आहेत. उघडण्या-मिटण्याच्या वेळा सकाळीच ड्रायव्हरला विचारून ठेवा.

जहाजाच्या जिन्यापाशी बुटांची माती आणि मोज्यांना चिकटलेलं गवताचं बी झटकून टाका. पुढचं बेट सेशेल्स असेल तर तिथे मॉरिशसचं तण न्यायचं नाही. मग अंघोळ, अर्धा लिटर ओआरएस, आणि टाचांना फोड आलेत का ते त्याच संध्याकाळी पाहा. फुटलेला नसेल तर फोडू नका, स्वच्छ करून वर पट्टी लावा. रात्रभर उघडा राहिला आणि सकाळी तोच बूट चढवला, तर पुढच्या बंदरात जिन्यापर्यंतही चालवत नाही.